मांडवातून मैदानात : आमच्या मनूताई

आमच्या एकविचार क्रीडा मंडळाचे पहिले गोलपोस्ट फुकटात मिळाले, असे जुने सभासद अजूनही छाती पुढे काढून सांगतात. फुकट कसले? ते लाकूड माझ्या हातगाडीवरून मैदानावर गेले, म्हणून त्याची खरी किंमत मला ठाऊक आहे. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत धुरीकाकांची एक खोली आणि खोलीत सात माणसे. काका गिरणीत सुतारकामाला. पोटमाळा घालायचा म्हणून त्यांनी जमेल तशा सागाच्या तुळया जमवून भिंतीशी उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या त्यांनी मंडळाला दिल्या. तेव्हा हिशेब असा की, एका गोलाची किंमत एक पोटमाळा. त्या घरातले दोघे मुलगे पुढे लग्न होईपर्यंत गॅलरीत झोपले, आणि पाहुणा आला की काका स्वतः उशी काखेत मारून मारुतीच्या देवळात जात. याला फुकट म्हणायचे असेल तर म्हणा.

काकूंनी तुळया निघताना एकदाच विचारले, "आणि माळो?"

काका म्हणाले, "माळो मागाहून करूक येता. ह्या पोरांचा वय थांबाचा नाय."

ज्यांच्या पंच्याहत्तरीसाठी हा अंक निघतो आहे, त्या धुरीकाकांच्या कन्या मनोरमाताई धुरी यांची न् माझी पहिली ओळख त्याच दिवशी झाली. मी तेव्हा नुकताच मालवणकडून आलेला, मांडववाल्याकडे बांबू उचलणारा गडी. गाडी ओढताना मागून सारखा आवाज येत होता, "अहो गाडीवाले, डावीकडे घ्या. डावीकडे म्हणते ना! नळावरच्या हंड्यांना लागेल." वळून पाहिले तर पदर कमरेला खोचलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. मी वैतागून म्हटले, "बाई, गाडी मी ओढतोय का तुम्ही?"

"ओढताय तुम्ही. बघतेय मी. मागून जास्त दिसतं."

मला तेव्हा राग आला होता. मनूताई फुलबॅकला खेळतात हे कळल्यावर तो गेला. संघाच्या पाठीशी उभे राहून सगळे मैदान डोळ्यांत ठेवायचे आणि ज्याला दिसत नाही त्याला ओरडून सांगायचे, हे त्यांचे काम. ते त्यांनी आयुष्यभर केले. मैदानावर अकरा माणसांसाठी केले, पुढे मंडळात दोनशेंसाठी.

मुलगी आणि फुटबॉल, तेही पन्नासच्या दशकात, हे कसे जमले असे आजच्या मुली मला विचारतात. त्याचे श्रेय गिरण्यांच्या पाळ्यांना. आमचे निम्मे खेळाडू दिवसपाळीला, निम्मे रात्रपाळीला. सरावाला दोन बाजू कधी पुऱ्या व्हायच्याच नाहीत. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, नुसती उभी राहा गं, जागा भरायला." ताई उभ्या राहिल्या. भावाची हाफ पँट, वर काकांचा सदरा, पाय अनवाणी. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की त्यांना चुकवून चेंडू पुढे नेणाऱ्याला चहा मिळायचा, आणि चहा फारसा कुणी प्यायला नाही. मग चाळीतल्या आणखी मुली आल्या, शेजारच्या आंबोलीच्या वाडीतल्या ख्रिस्ती मुली आल्या, आणि मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ मुलींची झाली.

मालाडच्या मुलींशी त्यांचा सामना लागला तेव्हा गर्दी अशी लोटली की मला आमच्या मालकाकडून दोऱ्या आणून मैदानाला बांधाव्या लागल्या. सगळेच काही कौतुकाने आले नव्हते. पिंपळाखालून एक जण ओरडला, "ए मुलींनो, घरी भाकऱ्या कोण थापणार?" मनूताईंनी चेंडू अडवला, लांब मारला आणि वळून त्याला म्हणाल्या, "आज आम्ही जिंकलो तर तुम्ही थापा. पीठ मी पाठवते." मुली दोन गोलांनी जिंकल्या. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाच्या दारात खरेच पिठाचा डबा गेला. त्याने भाकऱ्या थापल्या की नाही ते माहीत नाही, पण पुढे त्याच्या दोन्ही मुली आमच्याकडे खेळल्या.

मग गुडघा गेला. एका सरावात पाय खड्ड्यात अडकला आणि आतून काहीतरी तुटले. हाडवैद्य झाला, इस्पितळ झाले. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण खेळायचे विसरा. दुसरी एखादी असती तर मैदानाकडे पाठ फिरवून बसली असती. मनूताई पार्ल्याला एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जात. सुट्टी झाली की तशाच लंगडत मैदानावर येत आणि फळीवर बसून ओरडत. तेव्हा आमचे चिटणीस होते बाबूराव. माणूस देवासारखा, म्हणजे सगळ्यांचे ऐकायचा आणि काहीच करायचा नाही. एकदा संघ सामन्याला पोचला आणि चेंडू घरी राहिला. एकदा चेंडू पोचला आणि गोलकीपर राहिला. बाबूरावच शेवटी कंटाळून म्हणाले, "ओरडतेच आहेस तर खुर्चीत बसून ओरड."

मनूताई खुर्चीत मात्र कधी बसल्या नाहीत. त्यांची कारभाराची रीत मी दुसऱ्या कुठल्याही मंडळात पाहिली नाही. कुणाची तक्रार असली की त्या म्हणायच्या, "चला, मैदानाला एक फेरी मारू." चालता चालता बोलायचे, फेरी संपली की तक्रार संपली पाहिजे. नाही संपली तर दुसरी फेरी. त्या स्वतः लंगडत चालत, म्हणून बरोबरच्यालाही हळू चालावे लागे, आणि हळू चालताना माणसाला फार वेळ तावातावाने बोलता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मंडळाचे जाडजूड आश्रयदाते तर अर्ध्या फेरीतच म्हणायचे, "जाऊ दे मनू, तू म्हणतेस तसं." आजही आमच्या कार्यकारिणीत कुणी आवाज चढवला की दुसरा म्हणतो, "चल, फेरी मारू."

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर घरातलेच लिहितो. माझे लग्न झाले आणि सौ. गावाहून आली. मुंबईची तिने अशी धास्ती घेतली की नळावर जायचे तरी शेजारीण लागायची. चार महिने ती चाळीबाहेर पडली नाही. मी समजूत घालून थकलो. एक दिवस मनूताई दारात उभ्या. "वहिनी, माझी अडचण झाली आहे. मुलींच्या सरावाला शिट्टी वाजवायला माणूस नाही. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. येता का?" सौ. म्हणाली, "मला खेळातलं काही कळत नाही हो." मनूताई म्हणाल्या, "कळायचं काय त्यात? मी हात वर केला की फुंकायची." ती गेली. महिन्याभरात हात वर होण्याआधीच फुंकू लागली. आज आमच्या घरात नातवंडांची भांडणे त्याच शिट्टीने थांबतात. मनूताईंना शिट्टी वाजवणारे दहा मिळाले असते. तरी त्या आमच्याच दारात आल्या, हे मला फार उशिरा कळले.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा अंक पुरा होणार नाही, त्या दिवसाकडे येतो.

मनूताईंना चिटणीस करायचे ठरले, तेव्हा सभेत एकच माणूस विरोधात उभा राहिला. आमचे उपाध्यक्ष अप्पा. सरकारी कचेरीत हेडक्लार्क, शब्दाचा पक्का, मनाने वाईट नाही, पण मुलींच्या सरावामुळे संघाचे लक्ष उडते असे त्यांचे ठाम मत. ते म्हणाले, "एक हंगाम देऊ. पण मंडळाचा एकही सामना चिटणिसाच्या गैरव्यवस्थेमुळे बुडाला, तर चिटणीसपदही जाईल आणि मंगळवार-शुक्रवारही बंद." मनूताई म्हणाल्या, "कबूल." मी बाहेर पडताना त्यांना म्हटले, "ताई, मुलींचं मैदान कशाला पणाला लावलंत?" त्या म्हणाल्या, "दत्तूभाऊ, ते पणालाच लागलेलं होतं. आज नुसतं कुणी बोलून दाखवलं."

तोवर मी स्वतःचा मांडवाचा धंदा सुरू केला होता. मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा गोल एव्हाना लोखंडी झाला होता, तो तिथेच रोवलेला; धुरीकाकांचे सागाचे गोलपोस्ट मात्र माझ्याच वखारीत असत. मैदानावर ठेवले तर रात्रीतून कुणाच्या तरी चुलीत जाण्याची भीती. आणि आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. लगीनसराईत सभासदाच्या घरचे कार्य असले की धुरीकाकांचे ते सरळसोट सागवान मांडवाच्या तोंडाला उभे करायचे. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद, असे दार अंधेरीच्या शेठजींच्या मांडवालाही नसायचे. फुटबॉलचा हंगाम सुरू होईतो लग्ने संपलेली असायची, म्हणून कधी अडले नाही.

त्या वर्षी अडले. अप्पांच्या नलूचे लग्न चातुर्मासापूर्वीच्या अगदी शेवटच्या मुहूर्तावर ठरले. बाबूरावांनी चैत्रातच अप्पांना पोस्टचा शब्द देऊन ठेवला होता, आणि नव्या चिटणिसाला ते सांगायचे राहून गेले होते. लीगमधला आमचा पहिला सामना त्यापुढच्या रविवारी होता, तो दुसऱ्या एका संघाच्या अडचणीमुळे आठवडाभर अलीकडे आला, नेमका लग्नाच्या दिवशी. मनूताईंनी खेळाडूंना कळवले, चुना मागवला, पंचांच्या चहाची सोय केली. पोस्टची चौकशी केली नाही, कारण पोस्ट काय, दत्तूच्या वखारीत असतातच. आणि दत्तू दोन दिवस अप्पांच्या मांडवात, सनईवाल्याच्या शेजारी.

सकाळी दहाला मनूताई वखारीत आल्या, ती रिकामी पाहून तशाच मांडवात आल्या. वर पाहिले. आडव्या तुळईला आंब्याचे टहाळे, झेंडूच्या माळा, मधोमध नारळ.

"दत्तूभाऊ, हे आमचं आहे."

"ताई, आज सामना आहे?" मी हातातली दोरी खाली ठेवली. "दुसरं काहीतरी उभं करू?"

"मागच्या वर्षी पलीकडचा बांबूचा गोल पडला आणि पंचांनी सामना रद्द केला. विसरलात?"

मी म्हटले, मी तोंडाला दुसरे खांब लावतो, हे काढून देतो. तेवढ्यात भटजी धावत आले. "हात लावू नका! डावीकडचा खांब मुहूर्तमेढ म्हणून पुजलाय. नवरी दाराबाहेर पडल्याशिवाय तो हलायचा नाही."

पाठवणी ठरली होती दिवेलागणीला. सामना साडेचारला.

अप्पा मुंडावळ्यांच्या गडबडीतून बाहेर आले. मनूताईंनी काय झाले ते सांगितले. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना सभेतली अट आठवली असणार. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मनू, चूक तुझी नाही. मी ती अट मागे घेतो. सामना सोडून दे."

मनूताईंनी मान हलवली. "नको अप्पा. शब्द सभेत दिला होता, मांडवात परत कसा घ्यायचा? आज तुम्ही मेहेरबानीनं मैदान द्याल, उद्या दुसरा कुणी काढून घेईल. मुलींचं मैदान मला असं नको."

"मग करणार काय?"

"नलूच्या डोक्यावर अक्षता पडू देत. मग बघते."

मांडवाच्या धंद्यात डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. कनातीच्या एका बाजूला वरपक्ष, दुसऱ्या बाजूला वधूपक्ष, मधे मी दोऱ्या आवळत. दुपारच्या पंगती उठल्या आणि वरमाय आपल्या जावेला कुजबुजताना ऐकली, "अगं, दादरला गाडी बदलून मुलुंडला पोचायचं. पोरं पेंगायला लागली. पण आपण होऊन निघतो म्हटलं तर म्हणतील, पाहुणचार आवडला नाही." मी दोरी ओढत दुसरीकडे गेलो, तर नलूची आई बहिणीला म्हणत होती, "हे लोक हलायचं नाव घेत नाहीत बाई. संध्याकाळच्या चहाला दूध कुठून आणू? पण निघा कसं म्हणायचं? मानपानाचा प्रश्न." दोन्हीकडची माणसे एकमेकांना सोडायला टपलेली, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांसाठी ताटकळत बसलेली.

मी मनूताईंना जाऊन सांगितले. त्यांनी पदर खोचला. मला वाटले, आता काहीतरी युक्ती काढतील, मुहूर्ताचे, राहुकाळाचे निमित्त सांगतील. त्या सरळ वरमायेपुढे जाऊन बसल्या आणि जे होते ते सांगितले.

"मावशी, तुमची सून ज्या दारातून निघणार आहे ना, ते दार मला साडेचारला मैदानावर हवं आहे. नाही मिळालं तर आमच्या मुलींचा खेळ बंद होणार. तुम्हाला घाई करायची नाही. पण मागायचं ते तुमच्याकडेच मागायला हवं."

वरमाय अशी हसली की नथ हलली. "अगो बाई, मग आधी नाही का सांगायचं? आम्ही कधीचे बूट घालून बसलोय!"

पुढचे सगळे वाऱ्यासारखे झाले. नलूच्या आईने ओटी भरली. अप्पा मुलीला मिठी मारून रडू लागले, तशी नलूच त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "बाबा, आटपा ना आता. मॅच आहे." नवरी दाराबाहेर पडली, भटजींनी अक्षता टाकल्या, आणि माझे गडी तुळईला भिडले. नवऱ्याचे दोन मामा अंगरखे सावरत खांब उचलायला आले. विहिणी टांग्यात, बँडवाले पुढे, मागे खांद्यावर गोलपोस्ट. मैदान वाटेवरच होते, तेव्हा अर्धे वऱ्हाड तिथेच उतरले.

आमचा कप्तान बबन इतका वेळ गोलाच्या रिकाम्या जागेकडे बघत नखे खात होता. बँड ऐकला आणि त्याच्या अंगात वारे शिरले. मुलुंडकरांपुढे छाती काढून म्हणाला, "पाव्हणे, थांबाच तुम्ही! आज गोल मोजायला माणूस ठेवावा लागतो की नाही बघा!" मामांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या, खोटे कशाला बोलू.

साडेचारला पाच मिनिटे कमी असताना पोस्ट उभे राहिले. टहाळे आणि झेंडू काढायला वेळच नव्हता. पंच वांद्र्याचे एक कडक फर्नांडिस नावाचे गृहस्थ. वर बघून म्हणाले, "हे काय? लग्न आहे का मॅच?"

मनूताई म्हणाल्या, "साहेब, टेप लावा. मापात कमी निघालं तर सामना रद्द करा. पानं नकोत असं नियमात कुठे आहे ते दाखवा, लगेच उतरवते."

फर्नांडिससाहेबांनी टेप लावली. मापले. पुन्हा वर पाहिले. एक झेंडू तोडून स्वतःच्या खिशाला लावला आणि शिट्टी फुंकली. सामना सुरू झाला.

पुढच्या सभेत अप्पा उभे राहिले. वाटले, काही टोमणा मारतील. ते म्हणाले, "हंगामी हा शब्द काढून टाका. मनूला कायम चिटणीस करा. आणि मंगळवार-शुक्रवारच्या बरोबर रविवार सकाळही मुलींना द्या." कुणीतरी मागून विचारले, "अप्पा, मतपरिवर्तन?" अप्पा म्हणाले, "परिवर्तन कसलं? माझ्या मुलीची पाठवणी वेळेवर झाली, ती या मंडळाच्या चिटणिसामुळे. तुमच्यापैकी कुणाला जमलं असतं?"

मनूताई त्यानंतर किती वर्षे चिटणीस होत्या, किती मुली घडवल्या, त्यातल्या किती राज्याच्या संघात गेल्या, हे अंकात इतरांनी लिहिले आहेच. मी मांडववाला माणूस, मला एवढेच कळते की उभे केलेले टिकते कशावर. माझा मांडव दोन दिवसांनी उतरतो. त्यांनी जे उभे केले ते पन्नास वर्षे उभे आहे. चारी बाजूंनी इमारती आल्या, मैदानाच्या कडेला गाड्या लागतात, पण मंगळवारी संध्याकाळी या. मुली खेळताना दिसतील, आणि फळीवर बसून ओरडणाऱ्या बाईही दिसतील. गुडघा दुखतो, पण आवाजाला काही झालेले नाही.

मनूताई, तुमचा पाय ठणठणीत राहो, घसा त्याहून ठणठणीत राहो, आणि तुमच्याबरोबर मैदानाला फेरी मारायचे भाग्य आम्हा म्हाताऱ्यांना आणखी पुष्कळ वर्षे लाभो. तुमच्या शंभरीचा मांडव मी घालणार, तेवढे मात्र आत्ताच ठरलेले समजा.

राहता राहिला त्या दिवशीच्या सामन्याचा निकाल. आम्ही पाच-शून्य असे हरलो.